यंत्र कुठे टांगावे?

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी इंदापूरहून आमच्या दाजींचा फोन आला. "मास्तर, रविवारी सवड काढून या. घरात भांडण लागलंय." भांडण कसले म्हणून विचारले, तर म्हणाले, "प्रोजेक्टर कुठं टांगायचा त्याचं."

बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून आणि लग्नातल्या मानपानावरून होणारी भांडणे आमच्या भागाला नवी नाहीत. परंतु यंत्र टांगण्याच्या जागेवरून भाऊबहिणींचे बोलणे बंद व्हावे आणि ते मिटवायला बारामतीहून मराठीच्या प्राध्यापकाला पाचारण करावे, हे मात्र मला नवेच होते. तरी निघालो. आक्काच्या घरी जायला मला कारण लागत नाही.

बारामती ते इंदापूर हा रस्ता माझ्या आवडीचा. भवानीनगरचा साखर कारखाना मागे पडतो, मग लासुर्णे, मग निमगाव केतकीचे पानमळे. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरपूरला जाते. एरवी या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या आणि डाळिंबाचे टेंपो. दाजीही डाळिंबवालेच. गावाबाहेर त्यांचे घर, आणि घरामागे माल भरण्याची मोठी पत्र्याची शेड. त्या शेडचा निम्मा भाग भिंत घालून, आतून लाकडी छत ठोकून, माझ्या भाच्याने आपल्या ताब्यात घेतला होता. तिथेच तो वादाचा प्रोजेक्टर लटकत होता.

भाचा दोन वर्षे स्कॉटलंडला शिकायला होता. पदवी घेऊन आला तो गोल्फचे वेडही घेऊन आला. आता इंदापुरात गोल्फ कुठे खेळणार? अठरा छिद्रांच्या मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन लागते आणि तिच्यावरची हिरवळ बारा महिने भिजत ठेवावी लागते. "तेवढ्या पाण्यात माझी बाग दोन पिढ्या जगंल," असे दाजींनी एका वाक्यात सांगून तो विषय संपवला होता. पुण्याला येरवड्याचे मैदान आहे, पण चेंडूला काठी मारायला कुणी रोज पुण्याला जात नाही. तेव्हा भाच्याने मैदानच घरात आणायचे ठरवले. याला सिम्युलेटर म्हणतात.

त्याची रचना सांगतो, कारण पुढचे सगळे भांडण तिच्यावरच उभे आहे. खोलीच्या एका टोकाला जाड कापडाचा भला मोठा पडदा. त्याच्यापासून दहा फुटांवर चेंडू ठेवायचा आणि तो खऱ्या काठीने, खऱ्या जोराने पडद्यावर मारायचा. चेंडू लिंबाएवढा, वजन शेचाळीस ग्रॅमच्या आत, पण टणक असा की कपाळावर बसला तर माणूस आडवा. चेंडूशेजारी जमिनीवर एक पेटी असते. तिच्यातले कॅमेरे चेंडू सुटताना त्याचा वेग, उठाव आणि गिरकी टिपतात. त्यावरून पुढचा दोनशे यार्डांचा प्रवास संगणक हिशेबाने काढतो, आणि प्रोजेक्टर तो पडद्यावर दाखवतो. चेंडू प्रत्यक्षात कापडावर आपटून खाली पडलेला असतो. चित्रातला चेंडू मात्र झाडांवरून उडत जाऊन तळ्यात पडतो. बहुधा तळ्यातच पडतो, असे मी त्या दिवशी पाहिले.

आता प्रोजेक्टर कुठे ठेवावा? सिनेमा पाहताना लोक बसलेले असतात आणि उजेड त्यांच्या डोक्यावरून जातो. इथे पाहणारा माणूस पडद्यापुढे उभा असतो, नुसता उभा नव्हे तर हातभर काठी डोक्यावर नेऊन फिरवत असतो. यंत्र मागे ठेवावे तर त्याची सावली पडद्यावर, पुढे ठेवावे तर उसळलेला चेंडू यंत्रावर.

यात भर म्हणजे यंत्राला मनाला येईल तिथे टांगताही येत नाही. प्रत्येक भिंगाचे स्वतःचे एक प्रमाण असते. पडदा जितका रुंद त्याच्या अमुक पट अंतरावरूनच ते चित्र नेमके पडदाभर पाडते. दाजींच्या घरचा प्रोजेक्टर क्रिकेटचे सामने बघायला घेतलेला होता, त्याचे प्रमाण सव्वापटीच्या जरा आत. पडदा बारा फुटांचा, म्हणजे यंत्र सव्वाचौदा-साडेचौदा फुटांवर हवे. चेंडू दहा फुटांवर. याचा अर्थ यंत्र खेळणाऱ्याच्या चार-साडेचार फूट मागे येते. छत उंच होते, यंत्र दहा फुटांवर टांगलेले, तेव्हा नुसत्या उभ्या माणसाचे डोके उजेडाच्या खाली राहत होते. पण काठी उचलली की हात आणि काठी थेट झोतात.

यंत्र बसवायला आलेला कारागीर हुशार होता. त्याने पाहिले की भाचा उजव्या हाताने खेळतो. उजवा खेळाडू पडद्याकडे पाहताना चेंडूच्या डाव्या अंगाला उभा राहतो. तेव्हा कारागिराने यंत्र मधोमध न टांगता तीन फूट उजवीकडे सरकवले. त्याच्या भिंगाला चित्र आडवे सरकवण्याची सोय होती, त्यामुळे चित्रही वेडेवाकडे झाले नाही. (ती सोय नसेल तर चित्र सुपासारखे एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद होते. यंत्र ते ओढूनताणून सरळ करते, पण तेवढी रेखीवता कमी होते.) आता झोत उजव्या अंगाने जाई आणि भाचा डाव्या अंगाला मोकळा. सावली नाही, नवा खर्च नाही. दाजी खूश झाले. छताला भोके पाडली, आकडा पक्का झाला.

आणि मग माझी तेरा वर्षांची भाची काठी घेऊन उभी राहिली. ती डावखुरी आहे.

मी पोहोचलो तेव्हा तिने तो खेळ सोडून आठवडा झाला होता. काय झाले ते आक्काने सांगितले. डावखुरा खेळाडू चेंडूच्या उजव्या अंगाला उभा राहतो, म्हणजे नेमका त्या सरकवलेल्या यंत्राच्या उजेडात. पोरीने काठी उचलली की पडद्यावरच्या हिरवळीवर दोन काळे हात आणि एक काळी काठी पसरे. कुठे मारायचे तेच तिला दिसेना. भाऊ म्हणाला, "तू उजव्या हाताने शीक ना. नाहीतरी काठ्या सगळ्या उजव्याच्या आहेत." हे खरे होते. गोल्फच्या काठीला एकच तोंड असते, उजव्याची काठी डावऱ्याला चालत नाही. पोरगी काही बोलली नाही. काठी भिंतीला टेकवून गेली ती परत शेडमध्ये आली नाही. भाऊ आधी रागावला, मग तोही बोलेना.

"यात भांडण्यासारखं काय आहे ते सांगा," दाजी म्हणाले. "एका पोरापायी यंत्र बसवलंय, चाललंय. उद्या दुसरं घ्यायचं म्हणजे पैसा काय डाळिंबाच्या झाडाला लागतो?" खरे तर त्यांचा पैसा डाळिंबाच्याच झाडाला लागतो, पण ते मी बोललो नाही.

जेवताना पंगतीत आक्काच्या सासूबाई होत्या. भाचीने डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला मात्र, त्या न बघताच म्हणाल्या, "उजवा." पोरीने मुकाट्याने हात बदलला. असे कित्येक वर्षे चालले असावे, कारण कुणाचे लक्षही गेले नाही. माझे गेले. आमची भाषा या बाबतीत फार निर्दय आहे. एखाद्या मुलाकडे दुर्लक्ष केले की आपण त्याला 'डावलले' म्हणतो, त्या क्रियापदात डावा हातच बसलेला आहे. पक्षपात केला की 'डावे-उजवे' केले. मुलीचे लग्न करून दिले की ती 'उजवली'. एक अर्जुन काय तो सुटला. दोन्ही हातांनी बाण मारायचा म्हणून त्याला 'सव्यसाची' हे मानाचे नाव मिळाले, आणि त्यातल्या 'सव्य'चा मूळ अर्थ डावा असा आहे.

जेवणानंतर मी शेडमध्ये गेलो. पंच म्हणून आलो होतो, काहीतरी सुचवणे भाग होते. प्रोजेक्टरचा मला अनुभव आहे, पण तो भोगण्याचा. एका कॉलेजात मी शिकवत असताना वर्गातला प्रोजेक्टर अशा जागी बसवला होता की फळ्यापाशी उभे राहिले की मजकूर अंगावर पडे. मोरोपंतांची आर्या माझ्या सदऱ्याच्या खिशापासून सुरू होऊन पोटावर संपायची, आणि मुले ती मोठ्या भक्तिभावाने वाचायची. तेव्हापासून यंत्राच्या जागेविषयी मला आस्था आहे.

"पडद्याच्या मागे का नाही ठेवत?" मी भाच्याला विचारले. सावलीचा प्रश्नच मिटला! ही काही माझी अक्कल नव्हे. पॅरिसमध्ये 1798 साली रॉबर्टसन नावाचा माणूस भुतांचे खेळ दाखवत असे. तो आपला चित्रदीप पडद्यामागे चाकांवर ठेवायचा आणि पुढेमागे सरकवून भूत लहानमोठे करायचा. प्रेक्षकांना यंत्र दिसतच नसे. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी 1892 मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. मायावी शंबरासुराचे नाव यंत्राला देणारी ही माणसे मला फार आवडतात. तर सिनेमा यायच्या आधीपासून दिवा कुठे ठेवावा हा विचार चालूच होता. सिनेमा आल्यावर तो जिवाचा प्रश्न झाला. 4 मे 1897 रोजी पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्रातल्या ईथरच्या दिव्याने पेट घेतला आणि सव्वाशेच्या आसपास माणसे, बहुतेक स्त्रिया, जळून गेली. फिल्मही तेव्हा क्षणात पेटणारी असे. म्हणून यंत्राला वेगळी, न जळणारी खोली आली. आपल्याकडे 1918 च्या कायद्याने परवान्याशिवाय सिनेमा दाखवायला बंदी घातली ती सेन्सॉरसाठी होती तशीच प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठीही होती. थिएटरात आपल्या डोक्यामागे भिंतीला जे चौकोनी भोक दिसते, त्यामागे एवढा इतिहास आहे.

भाच्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मामा, हे कापड तीन थरांचं आहे. चेंडू झेलायला केलेलं. यातून उजेड पलीकडे येत नाही. आणि मागे चौदा फूट जागा कुठाय? मागे भिंत आहे." रॉबर्टसन निकालात निघाला.

पण पडद्यामागचा विषय निघाला तसे मला दुसरेच काही आठवले. 1990 च्या सुमाराला आम्ही इंदापुरातच राहत होतो. गणपतीत आमच्या गल्लीत सिनेमा दाखवत. विजेच्या दोन खांबांना पांढरे कापड ताणून बांधायचे, रस्त्याच्या मधोमध टेबलावर ते खडखडणारे यंत्र. जत्रेतल्या तंबूत यंत्र ट्रकमध्ये असायचे. त्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती ट्रकची मजा ठाऊक आहे. गल्लीत मात्र यंत्र माणसांत असे आणि त्याच्यामागची जागा मोठ्यांची. ज्याने उठून झोतात डोके घातले त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. आम्ही पोरे उशिरा पोहोचलो की पुढे जागा नसे. मग कापडाच्या पलीकडे जाऊन बसायचे. कापड पातळ, चित्र इकडूनही दिसे. फक्त उलटे. नावांची अक्षरे आरशातल्यासारखी, नायक डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने सलाम करायचा, आणि डाव्या हाताने पिस्तूल चालवून दहा-दहा गुंड लोळवायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत मी छातीठोकपणे सांगितले की पिस्तूल डाव्या हातात होते. सगळा वर्ग एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या. साक्षीला आक्काला बोलावले. तिनेही डावाच सांगितला. दोघांनाही लोकांनी वेड्यात काढले.

मी भाच्याला एवढेच म्हटले, "तू जरा त्या बाजूला उभा राहून दहा चेंडू मार बघू. काठी नुसती उलटी धर."

तो हसला, पण उभा राहिला. पहिल्याच फेकीला त्याचे काळे हात पडद्यावर पसरले आणि हिरवळ झाकून गेली. दुसऱ्यांदा तो मान वाकडी करून बघू लागला. तिसऱ्यांदा काठी जमिनीवर घासली. चौथ्यांदा त्याने इंग्रजीत एक शब्द वापरला, तो दिवाळी अंकात छापता येत नाही. पाचव्याला तो थांबला, वर छताकडे पाहिले, आकड्याकडे पाहिले आणि खिशातून टेप काढून अंतरे मोजू लागला. दहा चेंडू त्याने मारलेच नाहीत.

यानंतरचे सगळे त्याने केले. जवळून मोठे चित्र पाडणारे, ज्याला शॉर्ट थ्रो म्हणतात, असे यंत्र मिळते. त्याचे प्रमाण रुंदीच्या पाऊणपटीहूनही कमी. बारा फुटांच्या पडद्याला ते सव्वाआठ फुटांवर येते, म्हणजे चेंडूच्याही पावणेदोन फूट पुढे. खेळणारा झोताच्या मागेच राहतो, मग तो डावा असो की उजवा. ते मधोमध टांगायचे. धोका दोन गोष्टींचा. एक, काठी पुढच्या फिरकीत यंत्राला लागेल का? भाच्याने स्वतःला आणि दाजींना उभे करून, सर्वांत लांब काठी फिरवून, छताला खडूने खुणा केल्या. दाजींनी आयुष्यात प्रथमच गोल्फची काठी धरली, ती खोऱ्यासारखी. हातभर अंतर सुटत होते. दुसरा धोका उसळत्या चेंडूचा. त्यासाठी यंत्राखाली लोखंडी जाळीची परडी केली. भिंगापुढे मात्र जाळी घालता येत नाही, तिची सावली पडते. तेवढा धोका पत्करायचा.

पैशाचा प्रश्न राहिला. दाजी दोन दिवस गप्प होते. मग असे ठरले की जुने यंत्र घराच्या ओसरीवर लावायचे आणि सासूबाईंना रोज संध्याकाळी त्यावर कीर्तन दाखवायचे. हा तोडगा आक्काचा. सासूबाईंना नजरेने आता टीव्हीवरचे बुवा नीट दिसत नाहीत, भिंतभर बुवा दिसले की त्या खूश. दाजींचा विरोध तिथे संपला. आईसाठी म्हटल्यावर त्यांच्याकडे पैसे असतात.

भाच्याने आणखी एक गोष्ट कुणाला न विचारता केली. डाव्या हाताच्या काठ्यांचा अर्धा संच मागवला. तो देताना त्याने बहिणीला फिल मिकेलसनची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन खेळाडू सगळी कामे उजव्या हाताने करतो आणि गोल्फ तेवढा डाव्याने खेळतो, कारण लहानपणी वडिलांच्या समोर उभा राहून, आरशात बघावे तसे बघत तो शिकला. आणि न्यूझीलंडच्या बॉब चार्ल्सने 1963 मध्येच ब्रिटिश ओपन जिंकून डावऱ्यांचे खाते उघडले होते. मी तिकडून सचिन तेंडुलकर जोडून दिला. तो बॅट उजव्याने धरी, पण सही डाव्या हाताने करतो. भाचीने दोघांचेही ऐकून घेतले आणि काठीचे वेष्टण फाडायला घेतले.

एक अडचण अजून आहेच. चेंडूशेजारची ती कॅमेऱ्याची पेटी खेळणाऱ्याच्या समोर लागते. भाऊ खेळून झाला की पेटी उचलून पलीकडे ठेवायची आणि पुन्हा जुळवायची. छताला लावायची पेटी मिळते, ती दोघांना चालते, पण तिची किंमत ऐकून दाजी पुन्हा गप्प झाले. आता भाऊबहीण पेटी कुणी उचलायची यावरून भांडतात. ते भांडण मिटवायला मला बोलावलेले नाही. सासूबाई जेवताना अजून "उजवा" म्हणतात.

नव्या यंत्राची चाचणी झाली त्या संध्याकाळी मी पुन्हा इंदापुरात होतो. बंधू टेपने शेवटची मापे घेत होता, भाची तिच्या बाजूला उभी राहून काठी नुसतीच हवेत फिरवत होती आणि दर खेपेस पडद्याकडे बघत होती. हिरवळ स्वच्छ होती. आक्का पदराला हात पुसत आत आली. थोडा वेळ बघितले, मग माझा दंड धरून म्हणाली, "चल रे, मागं जाऊन बघू."

पडदा आणि भिंत यांच्यामध्ये चेंडूच्या धक्क्यासाठी दोन-अडीच फूट बोळ सोडली आहे. आम्ही दोघे पन्नाशीकडे झुकलेली माणसे तिच्यात अंग चोरून शिरलो. अंधार होता. कापडाला नाक लावून आक्काने पाहिले.

"इकडनं काहीच दिसत नाही रे," ती म्हणाली.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि आमच्यामधल्या जागेत कापडाला वीतभर फुगवटा येऊन गेला. आम्ही दोघेही भिंतीला चिकटलो.

"कोण मारतंय?" आक्का ओरडली.

"मीच!" पलीकडून भाची म्हणाली. "मामा, तिथून बाहेर या. अजून मारायचेत."